शोभाताईंचं मत

आमच्या कंपनीत सोमवारी जेवणाच्या सुट्टीला कुणी उशिरा यायचं नाही. इतर दिवशी कुणाचं काम अर्धवट असायचं, कुणाचा फोन लांबायचा. सोमवारी मात्र साडेबाराच्या घंटेला सगळे डबे कॅन्टीनच्या लांब टेबलावर हजर. मधली एक खुर्ची मोकळी. वायरिंग सेक्शनच्या शोभाताई जाधव हात धुऊन यायच्या, त्या खुर्चीवर बसायच्या, डब्याचं झाकण काढायच्या आणि कुणीतरी विचारायचं, "काय ताई, बघायचा का?"

प्रश्न शुक्रवारी लागलेल्या नव्या सिनेमाबद्दल असायचा. शोभाताई आधी एक घास खाऊन घ्यायच्या. मग निकाल यायचा.

"बघा. पण जेवून जा. पहिला अर्धा तास काही होत नाही, उपाशी असलात तर चिडाल."

किंवा, "हिरोनं चांगलं काम केलंय. बाकीच्यांना कुणी सांगितलंच नव्हतं वाटतं की पिक्चर चालू आहे."

किंवा नुसतंच, "डाळ छान झालीय आज." म्हणजे त्या सिनेमाचं नाव पुन्हा काढायचं नाही.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी लिफ्ट, पाण्याचे पंप आणि कारखान्यांतली यंत्रं चालवणारी पॅनेल बनवते. पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट, आत शेकडो वायर. त्या वायर जोडणाऱ्या बारा बायकांच्या प्रमुख शोभाताई. मी टेस्टिंगला. त्यांनी जोडलेलं मी तपासायचं. मी कंपनीत लागले तेव्हा त्या पंचेचाळीसच्या आसपास असतील. ठेंगणा बांधा, घट्ट अंबाडा, दोरी लावून गळ्यात अडकवलेला चष्मा, बोटांच्या टोकांवर तांब्याच्या तारांनी उमटलेल्या बारीक रेघा. राहायला कल्याण पूर्वेला, चाळीत. त्यांच्या पॅनेलमध्ये मला चूक सापडली की त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग वायरकडे, आणि वायरलाच म्हणायच्या, "तू इथं कशी आलीस गं बये?"

सिनेमाचं नाव त्यांच्या लक्षात राहायचं नाही. म्हणजे त्या ठेवायच्याच नाहीत. "नाव लक्षात ठेवायचं काम पोस्टरचं. माझं काम पिक्चर लक्षात ठेवायचं." म्हणून त्यांच्या तोंडी सगळे सिनेमे 'तो विमानातला', 'ती शिंपीणबाई', 'तो निळा पिक्चर, ज्यात सगळे हळू बोलतात' असे यायचे. आम्हाला सवय झालेली. नव्या माणसाला मात्र आठवडाभर कोडं पडायचं.

सिनेमा मोजायची मापं त्यांनी आमच्याच कामातून घेतली होती. पॅनेलमधल्या प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर असलेली प्लास्टिकची छोटी नळी घालतात. तिला फेरूल म्हणतात. इकडच्या टोकाला सतरा असेल तर तिकडच्या टोकालाही सतराच हवा. नाहीतर पुढे दुरुस्ती करणारा माणूस वेडा होतो. एका सिनेमात सुरुवातीला एक म्हातारी बसस्टॉपवर रडताना दाखवली होती आणि नंतर ती कुठेच आली नाही. शोभाताई सबंध सोमवार अस्वस्थ. "एका टोकाला फेरूल घातला आणि दुसरं टोक दिलं लोंबकळत सोडून. ती बाई का रडत होती, हे मला कोण सांगणार?" पुढे दोन महिन्यांनी त्या एकदा टेस्टिंगच्या टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "मुलगा आला नसेल गं तिचा." मला कळेना कुणाचा. मग लक्षात आलं, बसस्टॉपवाली म्हातारी.

आमचे मालकही सिनेमाचे शौकीन. एका सोमवारी ते स्वतः कॅन्टीनमध्ये आले आणि एका गाजत असलेल्या सिनेमाचं कौतुक करायला लागले. शेवटी बॉम्ब असतो, घड्याळ उलटं चालू असतं, हिरो पेटी उघडतो आणि लाल वायर कापतो. "काय टेन्शन बनवलंय!" मालक म्हणाले. "शोभाताई, तुम्हाला तर आवडलाच असेल. वायरिंगचा पिक्चर!"

शोभाताईंनी पोळीचा तुकडा खाली ठेवला.

"साहेब, तुमच्या कारखान्यात मला बावीस वर्षं झाली. एक लाल वायर कापली की सगळं बंद, असं असतं तर तुम्ही आम्हा बारा जणींना कशाला ठेवलं असतंत? एक कात्री ठेवली असतीत." आणि वर, "शिवाय त्यानं चालू लाइनीत उघडा हात घातला. तो बॉम्बनं नसता मेला, शॉकनं मेला असता. मी थिएटरात हसले तर पुढचा माणूस माझ्यावर ओरडला."

मालक मोठ्यांदा हसले. पण पुढच्या सोमवारपासून येताना तेही विचारायला लागले, "काय ताई, बघायचा का?"

मी एकदा त्यांच्याबरोबर गेलेले. शुक्रवार होता, पाचला सुटलो आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रिक्षानं कसंबसं मल्टिप्लेक्स गाठलं. तिथं त्यांचे मिस्टर मधुकरराव आधीच येऊन उभे. उंच, काटकुळे, कपडे कडक इस्त्रीचे. पालिकेच्या पाणीखात्यात ते व्हॉल्व्ह उघडायचं-बंद करायचं काम करायचे; पहाटे चारला उठणारा माणूस. थिएटरात दिवे मालवले आणि पाचव्या मिनिटाला मधुकरराव झोपले. अगदी शांत, मान सरळ, हात मांडीवर. मला वाटलं, शोभाताई चिडतील.

"झोपू दे गं," त्या कुजबुजल्या. "एसीत झोपायला त्यांना दुसरी जागा कुठंय?"

पण एखादा सीन खरोखर चांगला आला की त्या त्यांना कोपरानं ढोसायच्या. "अहो, उठा. हे बघण्यासारखं आहे." मधुकरराव डोळे उघडून तेवढा सीन लक्षपूर्वक बघायचे, मान हलवायचे आणि परत झोपायचे. त्या दिवशी त्यांना तीनदा उठवलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?" तर म्हणाले, "उत्तम. मला सगळे पिक्चर उत्तमच वाटतात."

येणाऱ्या सिनेमांबद्दलही शोभाताईंची मतं तयार असायची. ट्रेलर बघायला त्यांना आवडायचं. विश्वास मात्र नव्हता. "ट्रेलर म्हणजे मुलगी बघायच्या कार्यक्रमातले पोहे. तेवढेच चांगले करतात." एखाद्या जुन्या सिनेमाचा दुसरा भाग येणार असं कळलं की विचारायच्या, "पहिल्यात काय सांगायचं राहिलं होतं?" कुणा थोर माणसाच्या आयुष्यावरचा सिनेमा येणार असेल तर म्हणायच्या, "बघू या, त्यांना सर्दी झालेली दाखवतात का." माणूस कितीही थोर असला तरी सर्दी त्यालाही होते, आणि ती न दाखवणाऱ्याला माणूस कळलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद झाली. कंपनीही बंद. प्रज्ञा ही शोभाताईंची एकुलती एक मुलगी. तिनं त्यांच्या मोबाईलवर सिनेमे बघायचे दोन ॲप घालून दिले. मग आमच्या ग्रुपवर त्यांचे व्हॉइस मेसेज सुरू झाले. पंधरा दिवसांत रोजचा एक. मागून कुकरची शिटी, शेजारचा टीव्ही, आणि पुढे शोभाताईंचा आवाज: "आठ भागांची मालिका बघितली. गोष्ट तीन भागांची आहे. बाकी पाच भाग सगळे गाडीतून इकडून तिकडे जातात." "हा तमिळमधून मराठीत आणलेला. ओठ एक बोलतात, आवाज दुसरं बोलतो, पण डोळे खरं बोलतात, म्हणून बघा."

एक मेसेज मी अजून ठेवलाय. त्यात त्या खरोखर चिडलेल्या. "मेले, पाच सेकंद देतात! त्यातला म्हातारा आत्ता मेला. इतका चांगला माणूस. आणि लगेच खाली आकडे, पाच, चार, तीन, पुढचा भाग सुरू. अरे, माणूस मेलाय! जरा बसू द्या ना आम्हाला." मग थोडा वेळ नुसतं पंख्याचं घरघरणं, आणि हळू आवाजात, "वैशाली, ते बंद कसं करतात गं?"

मी फोनवरून त्यांना ते बंद करायला शिकवलं. तो काळ असा होता की तेव्हा सगळ्यांनाच थोडं बसायला हवं होतं.

आता प्रज्ञाचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे.

आईचं सिनेमाचं वेड तिनं उचललं, पण वेगळ्या रीतीनं. कॉलेज झाल्यावर ती सिनेमाच्या सेटवर सहाय्यक म्हणून लागली. सात-आठ वर्षं राबली. मालाडला दोन मैत्रिणींबरोबर राहायची. शोभाताई कधी तिची फुशारकी मारायच्या नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "शिकतेय." मग एके दिवशी बातमी आली की प्रज्ञा स्वतःचा सिनेमा करतेय. छोटा, थेट ॲपवर येणारा. गोष्ट पॅनेलच्या कारखान्यात वायरिंग करणाऱ्या बाईची.

त्या सोमवारी शोभाताई काहीच बोलल्या नाहीत, पण डब्यात पुरणपोळ्या होत्या.

शूटिंग त्यांच्याच चाळीत झालं. त्यांचंच दार, त्यांचाच गॅलरीतला नळ. नायिकेच्या नवऱ्याचं काम करणाऱ्या नटाला मधुकररावांचा खाकी शर्ट हवा होता. मधुकररावांनी तो स्वतः इस्त्री करून दिला.

सिनेमा आला. मी डोंबिवलीला घरी बसून बघितला. त्यातली बाई सोसणारी होती. बोटांतून रक्त येईपर्यंत वायर जोडते, घरी येते, नवरा दारू पिऊन मारतो, ती गॅलरीतल्या नळाखाली तोंड धुते. शेवटी ती गच्चीवर एकटी उभी राहते आणि कॅमेरा लांब जातो. मी रडले. आणि लगेच शोभाताईंना मेसेज केला: "ताई, खूप रडले. तुम्ही इतकं सोसलंत, आम्हाला कधी कळूही दिलं नाहीत."

उत्तर आलं नाही.

सोमवारी कॅन्टीनमध्ये सगळे त्यांची वाट बघत होते. कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी विचारलं, "काय ताई, कसा वाटला?" त्यांनी डबा उघडला. "डाळ छान झालीय आज," म्हणाल्या.

आम्हाला वाटलं, भरून आलं असेल.

त्यानंतर काही दिवसांनी मधुकरराव कंपनीच्या गेटवर भेटले. शोभाताईंचा विसरलेला चष्मा द्यायला आलेले. नेहमीचेच, कडक इस्त्रीचे. माझ्याशी बोलायला जवळ आले, आणि मी काय केलं ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी नकळत वास घेतला. त्यांना ते कळलं. ते अर्धं पाऊल मागे सरकले आणि हसले.

"मी कधी घेतलेली नाही ओ, वैशालीताई. चहासुद्धा कमीच." मग चष्मा माझ्या हातात देत, "माझं काही नाही. सिनेमा आहे तो. फक्त वाचनालयात पेपर मागायला गेलं की तो माणूस पेपर जरा लांबून देतो, असं वाटतं. मनाचे खेळ असतील."

पण ते वाचनालयात जायचे बंद झाले होते, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी चाळीच्या तोंडाशी माणसं बसायची, तिथं बसणंही त्यांनी सोडलं. कुणीतरी थट्टेत विचारलेलं, "काय मधुभाऊ, आता कमी केली का?" शोभाताईंकडे चाळीतल्या बायका कीव करत बघायच्या. पंचवीस वर्षं शेजारी राहिलेल्या बायका. भिंतीपलीकडचा खोकला ऐकू येतो अशा घरांत राहून त्यांनी डोळ्यांपेक्षा पडद्यावर जास्त विश्वास ठेवला. पण त्यांना मी काय बोलणार? मीही तेच केलेलं.

कल्याणच्या त्यांच्या भागातल्या बुद्धविहारात एका रविवारी सकाळी प्रज्ञाचा सत्कार ठेवला. आपली मुलगी, एवढं मोठं काम केलं. सगळ्यांना खरोखर अभिमान होता. कंपनीतून आम्ही सहा जणी गेलेलो. सभागृह भरलेलं. प्रज्ञा पांढऱ्या साडीत आलेली, आईसारखीच ठेंगणी, आईसारखाच चष्मा. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला, तीन भाषणं झाली. प्रत्येकानं आईच्या सोसण्याबद्दल सांगितलं. तिसऱ्या रांगेत मधुकरराव मांडीवर हात ठेवून बसलेले. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "आता मातोश्रींनी दोन शब्द बोलावेत."

शोभाताई उठल्या. माईक खाली ओढून घेतला.

"मी दर सोमवारी कंपनीत पिक्चरबद्दल बोलते," त्या म्हणाल्या. "आज रविवार आहे, पण बोलते. पोरीनं काम चांगलं केलंय. वायर सोलतानाचा आवाज बरोबर घेतलाय. त्या नटीनं पक्कड बरोबर धरलीय. पंधरा दिवस मीच शिकवलं तिला. गच्चीवरचा सीन मला आवडला. माझ्या मुलीला कॅमेरा कुठं ठेवायचा ते कळतं. हे मी आई म्हणून बोलत नाही, चाळीस वर्षं पिक्चर बघितलेली बाई म्हणून बोलते."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी त्या संपू दिल्या.

"पण त्यातली बाई दीड तासात एकदाही हसत नाही. मी रोज हसते. विचारा या कंपनीतल्या पोरींना. ती एकदाही पिक्चर बघायला जात नाही. मग ती जगते कशावर, हे मला कळलं नाही. आणि त्यातला नवरा माझ्या ओळखीचा नाही. शर्ट ओळखीचा आहे. माणूस नाही."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. प्रज्ञाचा चेहरा उतरला.

"माझा नवरा तिथं बसलाय, तिसऱ्या रांगेत. ही दोन वर्षांची होती. थिएटरात रडायला लागली की हा माणूस हिला खांद्यावर घेऊन बाहेर जायचा, मला पिक्चर बघता यावा म्हणून. मी शेवट बघितले. यांनी नाही बघितले. कितीतरी पिक्चरचे शेवट यांनी घरी येताना माझ्या तोंडून ऐकलेत. पिक्चरमध्ये दारुडे नवरे असावेत, जगात आहेत. पण आपल्या माणसांचा पिक्चर म्हटलं की आपण दर वेळी मारच खायचा का? कधीतरी आम्ही पडद्यावर बसून हसत जेवताना दिसू दे की."

"आई, तो सिनेमा आहे," प्रज्ञा व्यासपीठावरून म्हणाली. माईक नव्हता तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"हो ना. म्हणून तर बोलतेय. सिनेमा नसता तर घरी बोलले असते."

आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

चहाच्या वेळी प्रज्ञानं त्यांना बाजूला गाठलं. मी जवळच होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. "तीन वर्षं निर्मात्यांकडे फिरले मी, आई. पहिल्यांदा लिहिलेलं त्यात पप्पा पप्पांसारखेच होते. जिथं गेले तिथं एकच प्रश्न. संघर्ष कुठंय? नवरा चांगला, बाई हसरी, मग गोष्ट काय? बाप बदलला तेव्हा कुठं होकार आला. मी काय करायचं होतं?"

शोभाताई तिच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे आपण हसलो तर गोष्टच होत नाही?"

प्रज्ञानं शाल काढून घडी केली, आईच्या हातात दिली आणि वडिलांच्या पाया पडून निघून गेली.

"जास्त बोलले का गं?" शोभाताईंनी मला विचारलं.

"सगळ्यांसमोर नको होतं, ताई."

"यांचं नाव सगळ्यांसमोर गेलेलं. परत कुठून आणायचं?"

घरी मात्र मधुकरराव त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "माझी अब्रू वाचवायला पोरीची घालवलीस." हे शोभाताईंनीच मला सांगितलं, पॅनेलमध्ये डोकं घालून, माझ्याकडे न बघता.

प्रज्ञाचे फोन थांबले. घरी येणं थांबलं. दिवाळीला ती आली नाही. शोभाताई शुक्रवारी सिनेमाला जायच्या, पण सोमवारी कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तुम्हीच बघून ठरवा." दोन-तीन सोमवारांनंतर लोकांनी विचारणं सोडलं. डबे पुन्हा मागेपुढे यायला लागले. त्यांच्या पॅनेलमध्ये त्या वर्षी मला एकही चूक सापडली नाही, आणि ते मला आवडलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांनी थांबवली नाही. जो सिनेमा बघतील त्याचं मत त्या प्रज्ञाला पाठवायच्या. पूर्वी ग्रुपवर पाठवायच्या तसंच, व्हॉइस मेसेजमध्ये. ख्यालीखुशाली नाही, 'कशी आहेस' नाही, 'ये' नाही. नुसतं मत. "तो पोलिसांचा बघितला. सुरुवात छान, मग सगळेच पोलीस." पलीकडून उत्तर नाही. दोन निळ्या खुणा दिसायच्या. "ऐकते," शोभाताई म्हणायच्या. "ऐकते तेवढं बास."

सात-आठ महिने गेले असतील. एका सोमवारी साडेबाराची घंटा व्हायच्या आधीच शोभाताई कॅन्टीनमध्ये येऊन बसलेल्या. मोबाईल टेबलाच्या मधोमध ठेवलेला. आम्ही जमलो तशी त्यांनी बटण दाबलं. प्रज्ञाचा आवाज. बोटीवर राहणाऱ्या दोन भावांच्या कुठल्याशा सिनेमाला शोभाताईंनी 'पाणी फार, गोष्ट कमी' म्हटलेलं, त्यावर ती उसळलेली. "आई, तुला तो पिक्चर कळलाच नाही. पाणी हीच गोष्ट आहे त्यात. मोठा भाऊ बोलायचा थांबतो तिथून पाण्याचा आवाज वाढत जातो, ऐकलंस का तू? की पप्पांना ढोसत होतीस?" आणि असंच पुढे, एकेक सीन घेऊन, न थांबता.

मेसेज संपला. शोभाताईंनी टेबलभर नजर फिरवली.

"चार मिनिटं भांडलीय," त्या म्हणाल्या. चेहरा असा उजळलेला की विचारू नका. "चुकतेय ती. पण काय मुद्देसूद चुकतेय!"

त्या दिवशी कुणीतरी भीतभीत विचारलं, "मग ताई, बघायचा का तो बोटीवाला?" आणि त्यांनी डब्यातला पहिला घास घेतला.

पुढे वर्षभरात माझं नाशिकला जायचं ठरलं. कंपनी सोडायच्या आधी एका रविवारी दुपारी मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत प्रज्ञा जमिनीवर बसलेली, समोर कागदांचा गठ्ठा, कानावर पेन. मधुकरराव खुर्चीत, शोभाताई पलंगावर पाय दुमडून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेजारची जागा हातानं थोपटली. मी बसले. प्रज्ञा नवीन सिनेमाचं लिहिलेलं वाचून दाखवत होती.

त्यात एक मुलगी शहरातली नोकरी सोडून अचानक घरी परत येते. आई तिला दारातच फैलावर घेते. बाप आत बसलेला असतो. तिथं प्रज्ञा थांबली.

"पप्पा, इथं अडलंय माझं. या जागी बाप काय बोलेल? तुम्ही असता तर काय बोलला असता?"

मधुकररावांनी बराच वेळ विचार केला. गॅलरीतून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता. शोभाताईंना मी इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पदराचं टोक तोंडावर धरलेलं आणि ना मुलीकडे, ना नवऱ्याकडे, समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

"मी काही बोलणार नाही," मधुकरराव शेवटी म्हणाले. "मी उठेन आणि भात लावीन."

प्रज्ञानं कानावरचं पेन काढलं.

मला पाच वाजेपर्यंत डोंबिवलीला पोहोचायचं होतं. मी उठले, शोभाताईंच्या खांद्याला हात लावला. त्यांनी माझा हात दाबला, पण उठल्या नाहीत. मानेनंच 'जा' म्हणाल्या. मी चपला घालत असताना आतून प्रज्ञाचा आवाज आला.

"परत सांगा पप्पा, लिहून घेते. भात लावाल. मग?"

"मग काय? तीन शिट्या झाल्या की बंद करीन."

"आणि डाळ?" शोभाताईंनी विचारलं.

"डाळ तू कर," मधुकरराव म्हणाले, "ओरडून झालं की."

मी दारातून वळून पाहिलं. शोभाताई हसत होत्या. चष्मा छातीवर लोंबत होता, डोळे मिटलेले, एक हात मुलीच्या डोक्यावर. प्रज्ञा मान खाली घालून भराभर लिहीत होती.